सगळ्यांनी मोठ्यानं वाचा

आनंदवल्लीतल्या पर्णकुटी सहकारी गृहनिर्माण संस्थेची २०४१ सालची वार्षिक सभा वीस मिनिटांत, एकही खुर्ची न आपटता संपली, तेव्हा हेमांगी गायधनीनं घड्याळ दोनदा बघितलं.

पर्णकुटी म्हणजे पाच मजल्यांची काँक्रीटची इमारत. नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती की भक्ती, हे कळायला आता मार्ग नव्हता. इथली सभा पूर्वी दोन बैठकांत चालायची. मधल्या वेळात लोक घरी जाऊन रक्तदाबाची गोळी घेऊन यायचे. पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून इथे दोन साडू जन्माचे वेगळे झाले होते. आणि या वर्षी विषय होता पुनर्विकास! इमारत पाडायची, नवी बांधायची, कोणाला किती जागा द्यायची. एवढ्या ऐवजावर सख्खे भाऊ कोर्टात जातात. इथे मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या, बटाटेवडे खाल्ले आणि "चला, छान झालं" म्हणत लिफ्टची वाट बघत उभे राहिले.

"काळ बदलला, वहिनी," संस्थेचे अध्यक्ष देवचके म्हणाले. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि भर सभेत कोणी आपल्याला ‘तुम्ही गप्प बसा’ म्हटलं नाही, हा अनुभव त्यांना नवा होता. "लोक समंजस झाले. शिवाय बिल्डर देवमाणूस आहे. तळमजल्यावर मला दुकानाचा गाळा देतोय."

"गाळा? कोणी सांगितलं?"

"त्यांच्या पानावर आहे की. तुम्ही वाचलं नाहीत?"

तिसऱ्या मजल्यावरच्या निमसेबाईंनीही पान वाचलं होतं. "पाडतायत कुठे? बाहेरून रंग देणार आणि लिफ्ट बदलणार. मला धूळ सोसत नाही. पाडणार असते तर मी हो म्हटलं असतं का?" आणि हेमांगीचा नवरा निनाद, कॉमर्स कॉलेजात पंचवीस वर्षं करारांचा कायदा शिकवणारा माणूस, जिना चढता चढता म्हणाला, "पश्चिमेची बाल्कनी मिळतेय आपल्याला. संध्याकाळच्या चहाला."

तिघांनी वाचलेलं पान एकच होतं.

घरी आल्यावर हेमांगीनं तेच पान आपल्या फोनवर, आपल्या ब्राउझरमध्ये उघडलं. आपल्या म्हणजे अक्षरशः आपल्या. ‘तावदान’ नावाचा हा ब्राउझर करणाऱ्या नाशिकच्या छोट्या कंपनीत ती एकोणतीस वर्षं होती आणि पान रंगवणारं त्याचं इंजिन तिच्या हातचं होतं. पान उघडलं. करडं, कंटाळवाणं, बारीक अक्षरांचं. त्यात गाळा नव्हता, नुसता रंग नव्हता, बाल्कनी तर नव्हतीच. प्रत्येक घराची एक खोली कमी होणार होती. बांधकाम तीन वर्षं चालणार होतं आणि बाहेर राहण्याचं भाडं एकाच वर्षाचं मिळणार होतं. महिनाअखेरच्या सभेत जो हरकत घेणार नाही, त्याची संमती धरली जाणार होती.

तिनं फोन निनादपुढे धरला.

"ई! किती भकास दिसतंय," निनाद म्हणाला. "तुमचं तावदान म्हातारं झालंय, हेमा. भलतंच काहीतरी उघडतंय."

"पाठवलंय तसं दाखवतंय ते."

"मग माझ्या फोनवर काय, मला स्वप्न पडलंय?"

साधारण तसंच होतं, पण नवऱ्याला तोंडावर कसं सांगणार!

ब्राउझर हा मुळात हुकमाचा ताबेदार रंगारी. दूरच्या संगणकावरून मजकूर येतो, सोबत सूचना येतात: हे ठळक कर, ते उजवीकडे घे, इथे चित्र लाव. रंगाऱ्यानं रंगवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कित्येक वर्षं जगभर हे असंच चाललं. मग अनुरंजन टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीनं ‘मनकवडा’ आणला. हा रंगारी पानाकडे कमी आणि वाचणाऱ्याकडे जास्त बघायचा. बुबुळ कधी आकसतं, बोट कुठे थबकतं, मनगटावरच्या घड्याळात नाडी कोणत्या शब्दाला उडी मारते, हे तो टिपायचा आणि पुढचं वाक्य वाचून हा माणूस पान बंद करेल का, याचा अंदाज नजर तिथे पोचायच्या आत बांधायचा. करेल असं वाटलं, की फोनमधलं भाषेचं यंत्र ते वाक्य नव्यानं लिहायचं.

खोटं बोलायचं नाही, असा त्याला सक्त नियम घालून दिलेला होता, निदान अनुरंजनच्या जाहिरातीत तरी. मनकवडा म्हणे फक्त क्रम बदलायचा आणि जोर बदलायचा. बिल्डरच्या पानात कुठेतरी तळाशी ‘व्यापारी गाळ्यांबाबत पुढे विचार होऊ शकतो’ असं होतं. देवचक्यांच्या नाडीला गाळा आवडला, म्हणून गाळा वर आला आणि विचार खाली गेला. नावडतं सगळं ‘आणखी वाचा’च्या मागे जायचं, आणि आणखी कोणीही वाचत नाही, हे या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

लोक सुखी झाले, हे मान्य करायला हवं. बातम्या वाचून कोणाचं जेवण कडू होत नव्हतं. निवडणुकीचा निकाल लागला की सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते गुलाल उधळायचे. आणि गेल्या चार वर्षांत हेमांगी आणि निनाद यांचं एकही धड भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघांनी एकच गोष्ट वाचलेली लागते. तो सकाळी पेपरातलं काही सांगायचा, ती म्हणायची "असं कुठे आहे त्यात?", तो म्हणायचा "जाऊ दे", आणि दोघं आपापल्या फोनमध्ये जायचे. तिला हे ‘जाऊ दे’ आवडेनासं झालं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोरस्ते सरांनी तिला आत बोलावलं. दिनकर बोरस्ते हे तावदानचे संस्थापक, वय अडुसष्ट. त्यांनी २००८ साली सातपूरला टायरच्या दुकानावरच्या खोलीत ही कंपनी काढली, त्याचं कारण देशप्रेम वगैरे नव्हतं. तेव्हाच्या ब्राउझरांमध्ये मराठी पान उघडलं की वेलांट्या अक्षर सोडून भलतीकडे जायच्या आणि सरांना त्याचा मनस्वी राग यायचा. ब्राउझर फुकट वाटायचा आणि त्यातली शोधाची पेटी एखाद्या मोठ्या कंपनीला भाड्यानं द्यायची, हा या धंद्यातला धंदा. पुढे लोक शोधायचे बंद झाले, फोनलाच विचारू लागले, आणि भाडं थांबलं. आता तावदान चालायचं ते वकिलांच्या आणि वर्तमानपत्रांच्या वर्गणीवर. त्या वकिलांमध्ये अनुरंजनचे वकीलही होते. पानावर नेमकं काय लिहिलंय हे कळायला त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता.

टायरच्या दुकानाच्या काळापासून कंपनीत एक रीत होती. नवी आवृत्ती बाहेर जायच्या दिवशी नारळ फोडायचा आणि मग सगळ्यांनी आपापल्या यंत्रावर एकच पान उघडून एकदम मोठ्यानं वाचायचं. तपासणीला वेगळी माणसं ठेवायची ऐपत नव्हती, त्यातून हे निघालं. पान ठरलेलं: एका बाजार समितीचं कांद्याच्या भावाचं जुनं पान. ते कोणी बनवलं देव जाणे, पण त्यात तक्ता सुरू करायची खूण होती, संपवायची नव्हती; तक्ता उघडला होता आणि बंद केलाच नव्हता. हे पान ज्याला नीट दाखवता येईल त्याला जगातलं कुठलंही पान दाखवता येईल, असं सर म्हणायचे. "उन्हाळ कांदा, किमान, कमाल, सरासरी..." आरतीसारखा एक सूर लागायचा. एक जरी आवाज फुटला, तर आवृत्ती थांबायची.

"हेमांगी, विकतोय कंपनी," सर म्हणाले. "अनुरंजनला."

"सर!"

"ओरडू नकोस. तावदान बंद होणार नाहीये. नावासकट आहे तसं राहणार. त्यांच्या करारात स्वच्छ लिहिलंय, मी वाचलंय."

"कशावर वाचलंत?"

सरांनी टेबलाकडे बोट केलं. टेबलावर नवाकोरा फोन होता. अनुरंजनच्या सबनीस नावाच्या माणसानं तो भेट दिला होता आणि त्यात मनकवड्याशिवाय दुसरं काही चालत नव्हतं.

"सर, तुम्ही तावदानचे बोरस्ते! आणि मनकवड्यात वाचता?"

"दिसत नाही गं मला आपल्यात. सात वर्षं सांगतोय, अक्षर मोठं कर. तू म्हणतेस, बघते."

हे खरं होतं. अक्षर मोठं केलं की कांद्याचं पान फुटायचं, आणि कांद्याचं पान फुटता कामा नये हा कंपनीचा पहिला नियम सरांनीच घालून दिला होता. म्हणून सगळ्यांनी मिळून कांदा सांभाळला होता आणि सर हातचे घालवले होते.

आपल्या टेबलाशी येऊन तिनं करार तावदानात उघडला. अलीकडे करार म्हणजे एक पानच असायचं. खाली हिरवं बटण, त्यावर बोट टेकवलं की सही. तिसरं कलम होतं: ‘हस्तांतरणाच्या दिवशी तावदानची सेवा समाप्त होईल.’ अनुरंजनला तावदान नकोच होतं. त्यांना तावदान नसणं हवं होतं.

ती फोन घेऊन उठली आणि पुन्हा खाली बसली. दाखवून उपयोग नसतो, हे आदल्या दिवशी निनादनं शिकवलं होतं. खरं पान भकास दिसतं, बारीक दिसतं आणि म्हणून खोटं वाटतं.

घरी विक्रीचं ऐकून निनाद खूश झाला. "अगं, होऊ दे की! मोठी कंपनी. तुला चांगलं पद देतील."

"आणि बिल्डरचं पान खरं कसं आहे, हे मग कोण दाखवणार?"

"सगळे मजेत आहेत ना? कशाला कोणाला काय दाखवायचंय?" आणि मग तो नेहमीसारखं म्हणाला, "जाऊ दे."

"नाही जाऊ देणार," हेमांगी म्हणाली. निनादनं फोनमधून मान वर केली. हे वाक्य त्याच्या फोननं त्याला कधी दाखवलं नसतं.

*

सहीच्या दिवशी ऋत्विज सबनीस पेढे घेऊन आला. वय तिशीचं, दाढी कोरलेली, बोलणं गार पाण्यासारखं. "तावदान म्हणजे एक इमोशन आहे, सर," तो म्हणाला. सरांचे डोळे भरून आले. नारळ फुटला. सरांनी नव्या फोनवर करार उघडला आणि बोट हिरव्या बटणाकडे नेलं.

"सर, नारळ झाला, वाचन राहिलं," हेमांगी म्हणाली.

"कसलं वाचन?" सबनीसनं विचारलं. त्याला रीत सांगितली. "सो क्यूट! नक्की करू या. मीही वाचतो."

"आज कांदा नको," ती म्हणाली. "आज करारच वाचू. सगळ्यांनी मोठ्यानं वाचा."

नऊ कर्मचारी उभे राहिले, हातात तावदान. सरांच्या आणि सबनीसच्या हातात मनकवडा. पहिलं कलम नाव-पत्त्यांचं. त्यात कोणाचीच नाडी उडी मारत नव्हती. अकरा आवाज एका सुरात गेले. दुसरं कलम व्याख्यांचं, तेही गेलं. सबनीस तर मान हलवून ताल देऊ लागला.

तिसऱ्या कलमाला सूर फुटला.

"...तावदानची सेवा समाप्त होईल," असं नऊजण म्हणत होते. "...तावदान आपल्या परंपरेसह वाटचाल सुरू ठेवेल," असं सर म्हणत होते. आणि या दोहोंच्या वरून सबनीसचा खणखणीत आवाज येत होता: "...आणि विस्तारित नाशिक विभागाचं नेतृत्व ऋत्विज सबनीस यांच्याकडे..."

सगळे थांबले. सबनीस रंगात आला होता. तो आपल्या अधिकारांचं पुढचं दीड वाक्य एकटाच वाचत गेला आणि मग त्याच्याही लक्षात आलं.

"हे बघा," हेमांगीनं आपला फोन त्याच्यापुढे धरला. "नाशिकला विभागच नाहीये. पाचव्या कलमात सगळे विभाग गुंडाळून पुण्याला नेलेत. तुमचं नाव कुठेच नाही."

"तुमचा ब्राउझर जुना आहे, मॅडम," सबनीस म्हणाला. पण पान वरखाली करणारं त्याचं बोट आपलं नाव शोधत होतं.

"थांबा," सर म्हणाले. त्यांनी फोन पालथा घातला आणि डोळे मिटले. "तिसरं कलम पुन्हा म्हणा. फक्त आपल्या माणसांनी."

नऊजणांनी म्हटलं. सबंध कलम, स्वल्पविरामासकट, एका दमात. टायरच्या दुकानावर पहिल्यांदा लागला होता तो हाच सूर. तो लागला की आपलं काम बरोबर आहे असं तेहतीस वर्षं समजायचं, आणि आज तो सूर सांगत होता की तुम्ही संपलात.

सरांनी डोळे उघडले. "सबनीस, आमच्याकडे वाचन फुटलं की गाडी पुढे जात नाही."

"सर, हा टेक्निकल फरक आहे. भावनेच्या भरात..."

"भावना तुमच्या यंत्राला कळतात. मला दिसतं कमी, पण ऐकू नीट येतं." त्यांनी नारळाची एक कवड उचलली, तिच्याशेजारी तो नवा फोन ठेवला आणि ताटली सबनीसपुढे केली. "प्रसाद घ्या. आणि हाही घेऊन जा."

*

अनुरंजननं आदळआपट केली नाही. तसं करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठवड्याभरानं एवढंच झालं की तावदानातून मोठी पानं उघडेनाशी झाली. बँका, बातम्या, दुकानं, पर्णकुटीच्या बिल्डरचं पानसुद्धा. सगळीकडे एकच गोड ओळ: ‘आपला ब्राउझर जुना झाला आहे. कृपया मनकवडा वापरा.’

कोणताही ब्राउझर पानाच्या दारात गेला की आधी आपलं नाव सांगतो. ते ऐकून आत घ्यायचं की नाही, हे पानवाले ठरवतात. अनुरंजननं पानवाल्यांना एवढंच सुचवलं होतं, की आमच्याखेरीज इतरांना घेऊ नका.

"मग नाव बदलू," हेमांगी सरांना म्हणाली. "दारात सांगायचं, मी मनकवडा. ते मजकूर देतील. आपण आत आणून आहे तसा दाखवू."

सरांना ते पटेना. "खरं दाखवण्यासाठी खोटं नाव सांगायचं?"

"सर, या धंद्यात खरं नाव कोणी सांगितलंय? दुसऱ्या ब्राउझरनं पहिल्याचं सांगितलं, तिसऱ्यानं दोघांचं. अजूनही सगळे दारात मेलेल्या ब्राउझरांची नावं घेऊनच आत जातात. आपणच तेवढे तेहतीस वर्षं आडनावासकट खरं बोलत होतो."

"त्यांची नोटीस येईल."

"येऊ दे. मोठ्यानं वाचू."

सर बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "आणि ते अक्षर?"

ती म्हणाली, "करते." बघते म्हणाली नाही. कांद्याचं पान अपेक्षेप्रमाणे फुटलं. ती ते पान पुढ्यात घेऊन बसली आणि कोणा अज्ञात माणसानं उघडा सोडलेला तो तक्ता मोठ्या अक्षरांतही उभा राहील असा तिनं शिवून काढला. दारात मनकवड्याचं नाव सांगणारी नवी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा बोरस्ते सर चष्मा कपाळावर ठेवून सगळ्यांच्या बरोबरीनं वाचत होते: उन्हाळ कांदा, किमान, कमाल, सरासरी. सूर फुटला नाही.

*

पर्णकुटीची महिनाअखेरची सभा रविवारी सकाळी भरली. देवचक्यांनी वडे आधीच मागवले होते. "हरकत कोणाची? नाही ना? मग..."

"हरकत नाही," हेमांगी उठून म्हणाली. "फक्त जे ठरवतोय, ते एकदा सगळ्यांनी मिळून वाचू. आपापल्या फोनवर. मोठ्यानं."

"वहिनी, शाळा आहे का ही?"

"दोन मिनिटांचं काम आहे, भाऊ. तुमचा गाळा तरी सगळ्यांना ऐकू दे."

गाळ्याचं नाव काढल्यावर देवचक्यांना राहवेना. त्यांनीच सुरुवात केली. बत्तीस घरांनी फोन काढले. पहिल्या ओळीत इमारतीचं नाव सगळ्यांचं एक आलं. दुसऱ्या ओळीला सभेत जे सुरू झालं त्याला वाचन म्हणता आलं नसतं. कोणी गच्चीवर बाग वाचत होतं, कोणी दोन गाड्यांची जागा. निमसेबाई रंगाच्या छटा वाचत होत्या. बोलता बोलता लोक शेजाऱ्याच्या फोनमध्ये डोकावू लागले आणि हळूहळू गप्प झाले.

निनाद सगळ्यात शेवटी थांबला. ‘पश्चिमेकडील प्रशस्त बाल्कनी’ एवढं त्यानं म्हटलं होतं आणि त्याच्या डावीउजवीकडून पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या बाल्कन्या ऐकू येत होत्या. पंचवीस वर्षं तो मुलांना शिकवत आला होता की दोघांना एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य असेल तरच करार होतो. त्यानं आपला फोन खिशात टाकला.

"हेमा," तो म्हणाला, "तुझा दे."

तिनं दिला. तो खुर्चीवर उभा राहिला आणि वर्गात वाचतात त्या आवाजात त्यानं पान पहिल्यापासून वाचलं. खोली कमी. काम तीन वर्षं. भाडं एकच वर्ष. ‘गाळ्यांबाबत पुढे विचार होऊ शकतो.’

"विचार?" देवचके ओरडले. "नुसता विचार?"

"म्हणजे पाडणार?" निमसेबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही अध्यक्ष ना हो? वाचलं काय होतंत तुम्ही?"

"तुम्ही गप्प बसा!"

"तुम्ही गप्प बसा!"

पहिली खुर्ची आपटली. मग दुसरी. टाकीच्या झाकणाचा विषय कोणीतरी बावीस वर्षांनी पुन्हा काढला. वडे गार झाले, दोघंजण गोळी घ्यायला घरी जाऊन परत आले, आणि दुपारी बत्तीसच्या बत्तीस घरांची हरकत नोंदली गेली. देवचके घामानं निथळत होते. त्यांनी सगळ्यांसमोर हेमांगीला तावदान कसं घ्यायचं ते विचारलं आणि वर "दिसायला भिकार आहे, वहिनी" असंही सांगितलं.

घरी येऊन हेमांगीनं चहा टाकला. निनाद टेबलाशी तावदान उघडून बसला होता, पेन्सिल कानावर.

"हे नववं कलम बघ. ‘हरकत घेतल्यास फेरविचार करण्यात येईल.’ म्हणजे बिल्डर बांधला गेला."

"कसला बांधला? फेरविचार करून तो तेच म्हणू शकतो."

"‘येईल’ म्हटलंय, ‘येऊ शकेल’ नाही!"

"पण निर्णय बदलेल असं कुठे म्हटलंय?"

"तू इंजिनिअर आहेस, तुला कायद्यातलं काय कळतं?"

"मला वाचता येतं!"

चहा उतू गेला, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. दोघांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात होता आणि दोघांचं काही केल्या पटत नव्हतं. पण दोघांची बोटं टेकली होती ते वाक्य एकच होतं.